खुंटीवरचा डबा

आमच्या घरात भांडं खाली ठेवताना आवाज करायला बंदी होती, आणि आमचं घर होतं भांड्यांच्या दुकानाच्या मागं. म्हणजे हलवायाच्या घरात गोडाला बंदी असावी तसाच प्रकार. भूकंपाच्या त्या पहाटे दुकानातली मांडणी आडवी झाली, परातींपासून वाट्यांपर्यंत सगळं एकाच वेळी फरशीवर आलं, आणि तो आवाज अव्वाच्या, माझ्या आईच्या, कानात जो शिरला तो निघाला नाही. लातुरात आम्हा कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. निलंग्याकडचं तिचं माहेर मात्र त्या पहाटेत गेलं. त्याबद्दल ती बोलत नसे आणि मीही इथं बोलणार नाही. तिनं एवढंच केलं की छपराखाली झोपणं सोडून दिलं. मागच्या अंगणात बाज टाकून ती निजायची, थंडीत वाकळ घेऊन, पावसाळ्यात अप्पांनी चार बांबूंवर ताणलेल्या ताडपत्रीखाली. निजायची म्हणजे पडून राहायची. पहाटे मी अभ्यासाला उठले की तिचे डोळे उघडेच दिसत. अप्पा दुकानात भांड्यांवर नावं घालत तेव्हा त्या यंत्राची किर्रर्र तिला चालायची, कारण ती सुरू होण्याआधी अप्पा आत डोकावून "सुरू करायलो गं" असं सांगायचे. न सांगता वाजलेलं मात्र तिला सहन होत नसे. साधा चमचा पडला तरी ती पदर सावरत अंगणात उभी.

त्या काळी घराघरांत लोक झोपताना पेल्यांची उतरंड रचून ठेवत. जमीन हलली की पेले पडणार आणि माणसं जागी होणार. आमच्या घरी हा उपाय केला असता तर रोगापेक्षा औषध जालीम झालं असतं, कारण दुकानात उंदीर होते. म्हणून मी घंटी केली. गवंड्याच्या ओळंब्यासारखा एक लहान लोलक, तो अव्वाच्याच एका जुन्या पितळी बांगडीच्या मधोमध टांगलेला. लोलक हलला की बांगडीला टेकणार, टेकला की घंटी वाजायला लागणार, आणि बटण बंद करेपर्यंत वाजत राहणार. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानांत बसून बसून मला एवढं येत होतं. ही घंटी आतल्या खोलीत खुंटीला टांगली, आणि पहिल्यांदा अव्वाची बाज आत आली. रोज दिवेलागणीला ती स्वतः बटण चालू करायची, देवाला उदबत्ती लावावी त्याच गंभीरपणे. झोप अजूनही तुटकच होती, पण ती छपराखाली होती. अप्पांनी त्या दिवशी बाजारातून खवा आणला आणि गुलाबजाम करायला सांगितले.

लातूर तेव्हा दोन गोष्टींनी भरून गेलं होतं, पत्र्याच्या शेडांनी आणि शिकवणीच्या पोरांनी. नांदेड, बिलोली, किनवट, कुठून कुठून मुलं यायची. खोली मिळाली की त्यांची पहिली खरेदी म्हणजे आमच्या दुकानातला डबा. गावाकडची आई सकाळी भाकरी थापून डबा एसटीत ड्रायव्हरजवळ द्यायची, संध्याकाळी मूल लातूरच्या स्टँडवर तो उतरवून घ्यायचं, आणि रिकामा डबा उलट्या गाडीनं परत जायचा. डबे हरवू नयेत म्हणून प्रत्येकाला नाव घालून पाहिजे असे, आणि अप्पांचं यंत्र दिवसभर किर्रर्र करत राही. ते म्हणत, "सगळ्या जिल्ह्याची पोरं माझ्या हाताखालून डॉक्टर व्हायलीत." त्यातली किती झाली देव जाणे. एक मी झाले, दातांची, आणि आजही माझ्या यंत्राचा आवाज ऐकून लोक खुर्चीतून उठायला बघतात तेव्हा मला अप्पांची आठवण येते.

आमच्या माडीवरच्या खोलीत रझिया भाड्यानं राहत होती. ती नांदेडची. तिचे अब्बा छत्र्या आणि दप्तरं दुरुस्त करत. मुलगी हुशार, बोलायला फटकळ, आणि बारावीच्या वर्षात करू नयेत असे उद्योग करण्यात माझ्याहून पुढं. रॉकेटचं खूळ तिचंच. लग्नांत तेव्हा थंड पेयाच्या मोठ्या प्लास्टिकच्या बाटल्या नव्यानंच दिसू लागल्या होत्या. अशा बाटलीत थोडं पाणी घालायचं, सायकलचा व्हॉल्व्ह बसवलेलं बूच ठोकायचं, पंपानं हवा भरायची आणि बूच सोडायचं. बाटली पाण्याची पिचकारी मारत चार मजले उंच सहज जाते. गावाबाहेर प्लॉट पाडून ठेवलेल्या माळावर आम्ही ती उडवायचो आणि अंगभर भिजून शिकवणीला जायचो. पण वर गेलेली बाटली खाली येताना दगडासारखी यायची आणि चेपायची. रझियानं अब्बांकडून जुन्या छत्रीचं कापड आणून पॅराशूट शिवलं. ते रॉकेटच्या टोकावरच्या टोपणात घडी करून ठेवलं. आता नेमक्या वेळी टोपण उघडायला काहीतरी हवं होतं, आणि माझ्या डोक्यात अव्वाची घंटी आली.

वर पोचल्यावर रॉकेट कलंडतं, कलंडलं की लोलक बांगडीला टेकेल, मोडक्या टेपरेकॉर्डरमधली मोटर फिरेल, टोपणाची खीळ ओढली जाईल, असा माझा हिशेब होता. पहिल्या दिवशी बूच सुटलं मात्र, टोपण आमच्या नाकासमोरच उघडलं, छत्रीचं कापड माझ्या तोंडावर आणि बाटली बाभळीत. सुटतानाच्या हिसक्यानंच लोलक टेकला होता. रझिया कापड झटकत म्हणाली, "तुझ्या अव्वाच्या घंटीला वर-खाली काय कळत न्हाई. तिला हादरा तेवढा कळतो." हे ऐकलं आणि सगळं सुचलं. हादराच कळतो ना, मग हादऱ्यापासूनच मोजायचं. वेळ मोजणारी एक लहान आयसी घातली. हिसका बसला की ती मनातल्या मनात तीन अंक मोजल्यासारखी थांबायची आणि मग मोटर फिरवायची. चुकीची वस्तू बरोबर कामाला लागली.

खरी अडचण वेगळीच होती. घंटी एकच होती, दुसरी करायला सामान नव्हतं, आणि दिवेलागणीला ती खुंटीवर परत पाहिजे होती. दुपारी बाटलीत चिकटपट्टीनं बसवायची, संध्याकाळी उचकटून काढायची. एका संध्याकाळी उचकटताना तार तुटली. ती झाळायला सोल्डरिंगची सळई तापेपर्यंत वीज गेली. अव्वानं बाज उचलली आणि अंगणात नेऊन टाकली. मला बोल लावला असता तर बरं वाटलं असतं. त्या दिवशी ठरवलं की हे सगळं सामान एकाच पेटीत बसवायचं, जी रॉकेटमधून एका हातानं निघेल आणि एका हातानं बसेल.

दुकानात बालवाडीच्या पोरांचे अॅल्युमिनिअमचे लहान गोल डबे असत, तारेच्या कडीचे. हलके, आणि बाटलीच्या कापलेल्या पोटात चपखल बसणारे. त्यातला एक मी मागितला. आत लोलक, बांगडी, बॅटरी, आयसी आणि घंटी. पाणी शिरू नये म्हणून झाकणाला सायकलच्या ट्यूबचं कडं लावलं. आता डब्यातून मोटरला करंट कसा द्यायचा? प्रत्येक वेळी तारा जोडणं म्हणजे पुन्हा तोच घोळ. उत्तर डोक्यावरच लोंबत होतं. उडालेल्या बल्बची पितळी टोपी काढून मी डब्याच्या बुडाला बसवली, आणि रॉकेटमध्ये बल्बचा होल्डर. डबा आत सरकवायचा, दाबायचा, किंचित फिरवायचा, की पक्का, आणि करंटसुद्धा सुरू. काढताना दाबून उलटा फिरवायचा. अंधारातही बल्ब बदलता येतो तसा हा डबा काढता-घालता येत होता. पहिल्यांदा तो खटकन बसला तेव्हा रझियानं आणि मी तो उगाचच दहा वेळा काढला आणि घातला. आजवर मी कितीतरी दात आणि कवळ्या बसवल्या, तसा समाधानाचा खटका काही पुन्हा ऐकला नाही. नाकापेक्षा मोती जड झाला होता हे खरं, म्हणून रॉकेटला दुसरी बाटली जोडावी लागली. अप्पांनी डब्यावर नाव घातलं. माझं नाही, अव्वाचं, आणि खाली दुकानाचं. ते म्हणाले, "मालकी कुणाची हाय ते लिहावं माणसानं."

नांदेडच्या एका कॉलेजात विज्ञान प्रदर्शन होतं. आमच्या सरांनी नाव पाठवलं. लातूर ते नांदेड म्हणजे एसटीचे चार तास. पहाटेच्या गाडीनं जायचं, दुपारी उडवून दाखवायचं, आणि संध्याकाळी डबा खुंटीवर. अव्वानं लगेच हो म्हटलं नाही. ती ज्वारी निवडत होती, निवडत राहिली. शेवटी म्हणाली, "जा. दिवेलागणीला डबा घरी पायजे, एवढंच." तिनं वाटेसाठी धपाटे केले, दह्याची चटणी दिली, आणि रझियाच्या हातात वेगळी पुडी ठेवली, कारण रझियाला तिखट जास्त लागायचं.

प्रदर्शनाला जे पाहुणे यायचे होते ते काही वेळेवर आले नाहीत. पाहुणे येईपर्यंत उडवायचं नाही, असा निरोप. आम्ही रॉकेटशेजारी उभ्या, मी घड्याळाकडं बघत आणि रझिया माझ्याकडं. ऊन कलल्यावर पाहुणे आले, मैदानावर खुर्च्या मांडल्या, आणि आमचा नंबर लागला. रझियानं पंप मारला, मी डबा दाबून फिरवला आणि बटण चालू केलं. बूच सुटलं. घंटी आत डब्यातच होती, तेव्हा रॉकेट वर गेलं ते घणघण वाजत गेलं. खुर्चीवरची लातूरची एक बाई खुर्ची सोडून उभी राहिली, मग ओशाळून बसली. मी मनात मोजत होते. तीन झाल्यावर टोपण उघडलं, काळी छत्री फुलली, आणि आमचं रॉकेट घंटी वाजवत, झुलत, सावकाश गवतावर येऊन बसलं. लोक टाळ्या वाजवत होते. मी धावत जाऊन आधी घंटी बंद केली.

पण बक्षिसं दुसऱ्या दिवशी सकाळी होती, आणि तोवर रॉकेट टेबलावर मांडून ठेवायचं, मुलींनीही थांबायचं, असा हुकूम सुटला. मला रडूच कोसळलं. रॉकेटचं मला काही नव्हतं. अव्वा खुंटीकडं बघत बसेल आणि मग बाज उचलेल, हेच डोळ्यांसमोर येत होतं. रझिया म्हणाली, "रडायली कामून? रॉकेट राहू दे, डबा जाऊ दे. डबे जातेतच की गाडीनं." आणि खरंच, एवढी साधी गोष्ट. डबा काढता यावा म्हणून आम्ही इतकी खटपट केली आणि ऐन वेळी तो काढायचा हेच मला सुचत नव्हतं. तिचं घर जवळच होतं. तिच्या अम्मीनं एक मोठा जेवणाचा डबा रिकामा केला, गादीचा कापूस भरला, मध्ये आमचा लहान डबा ठेवला आणि वरून पांढरं फडकं बांधलं. धावत स्टँडवर जाऊन आम्ही तो लातूरच्या गाडीत ड्रायव्हरच्या मागं, बाकीच्या डब्यांशेजारी ठेवला. दुकानाशेजारच्या मेडिकलमध्ये फोन करून अप्पांना निरोप दिला. पांढऱ्या फडक्यातला डबा उतरवून घ्या, बाकी अव्वाला सगळं माहीत आहे.

रझियाच्या घरी त्या रात्री माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात खिचडी आणि चिंचेचा खट्टा केला होता. तिच्या अम्मीनं मला पातेलं आधी हुंगायला लावलं, "देख बेटा, अंडे का चमचा भी नहीं लगा इसको," म्हणून. जेवण अप्रतिम होतं आणि माझा घास फिरत होता. गाडी बंद पडली असेल तर, डबा अहमदपूरलाच कुणी उतरवला असेल तर. डबा खुंटीला लागायचा तेव्हा लागो, माझा जीव मात्र टांगणीला लागला होता. दुसऱ्या दिवशी आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं. एक पेन मिळालं, आणि भाषण मिळालं ते संपेचना. रझिया घरी थांबली, दुपारच्या गाडीनं मी एकटी निघाले, बाटल्या मांडीवर घेऊन. लातूरला उतरून रिक्षा केली ती थेट दुकानासमोर.

अप्पा गल्ल्यावर बसून हसत होते. नुसते हसत नव्हते, उपरण्यानं डोळे पुसत होते. मी विचारलं, डबा मिळाला का? ते म्हणाले, "मिळाला की. दोन मिळाले." मग त्यांनी सगळं सांगितलं. काल रात्री गाडी आली तेव्हा स्टँडवर दिवे गेलेले. गाडीत पांढऱ्या फडक्यातले डबेच डबे, आणि पोरांची ही झुंबड. अप्पांनी हाताला लागला तो उचलला. आयुष्यभर डब्यांवर नावं घालणाऱ्या माणसानं नाव बघितलं नाही, कारण फडकं सोडायचं नाही असं त्यांच्या डोक्यात. घरी आणून त्यांनी तो अव्वाच्या हातात दिला. अव्वा आत गेली, आणि थोड्या वेळानं डबा फडक्यासकट खुंटीला लागलेला अप्पांनी कंदिलाच्या उजेडात पाहिला. आणि अव्वा झोपली. अप्पा म्हणाले, "घोरत होती गं. मी दोनदा उठून बघितलं, ही कुठली बाई म्हणून."

आणि आमचा डबा? तो गेला होता मुलींच्या वसतिगृहात, चाकूरकडच्या सुमन नावाच्या एका मुलीच्या ताटासमोर. तिनं भुकेपोटी फडकं सोडलं तर आत कापूस, कापसात लहान डबा, त्यालाही झाकण, आणि बाहेर एक बटण. बटण दिसलं की दाबायचं, हा मनुष्यस्वभाव. तिनं दाबलं आणि डबा उचलला. लातुरातल्या मुलींना घंटी कशाची हे सांगावं लागत नव्हतं. अख्खं वसतिगृह ताटं सोडून मैदानात. वॉर्डनबाई तर म्हणे उष्ट्या हातानं. तिकडं सगळ्या मुली उघड्यावर उभ्या आणि इकडं माझी अव्वा छपराखाली घोरत, खुंटीवर कुणाच्या तरी भाकऱ्या टांगून. सकाळी सुमन डब्यावरचं नाव वाचत दुकान शोधत आली तेव्हा अप्पांना कळलं की रात्रभर घरात घंटी नव्हतीच.

मी हसले नाही. मला वाटलं, बिचारी फसवली गेली, आता कळल्यावर पुन्हा बाज अंगणात जाणार. आत गेले. अव्वा चुलीशी होती, घंटीचा डबा तिच्या शेजारी पाटावर. मी अंदाज घेत विचारलं, तुला कळलंच नाही का गं, डबा दुसराच होता ते?

"न कळायला काय झालं?" ती तव्यावरची भाकरी उलटत म्हणाली. "बटण चालू करायला फडकं सोडलं, तर भाकऱ्या. वर जवसाची चटणी, अन् मिरचीचा खरडा कागदात येगळा बांधलेला."

"मग अप्पांना सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं आसतं तर गेले आसते की रातभर डेपोत हुडकत. म्हटलं टांगावं."

"आणि झोप?"

तव्यावरची भाकरी काढून तिनं विस्तवाला लावली, ती टम्म फुगली. मग म्हणाली, "पडले अन् इचार आला, कुणाच्या तरी आईनं पहाटं उठून थापल्यात ह्या. ते लेकरू कुठं आसंल, काय खाल्लं आसंल, कुणी घास दिला आसंल का. सकाळी त्याला काय करून घालावं. ह्याच घोरात पडले बघ. भूकंपाचा इचार करायचा ऱ्हाऊनच गेला. डोळा कवा लागला, मला न्हाई ठाव."

सुमनला सकाळी तिनं ताट वाढून जेवायला घातलं होतं, आणि तिचा डबा ताज्या भाकऱ्यांनी भरून परत दिला होता. पुढं दोन वर्षं, तिची गाडी चुकली की तिचा डबा आमच्याकडून जायचा. ती आज उदगीरला आहे, कवळी करायला माझ्याकडं आईला घेऊन आली होती. मी त्या माउलीच्या पायाच पडले. तिला काही कळेना.

त्या संध्याकाळी सवयीनं मी डबा खुंटीला लावायला गेले. अव्वानं तो माझ्या हातून घेतला, कडीला धरून जरा वेळ बघितला, आणि परत दिला. "तुझ्या इमानात बसव," म्हणाली. रॉकेटला ती शेवटपर्यंत विमानच म्हणायची. मी म्हटलं, आजच्या दिवस राहू दे. ती म्हणाली, नको, बांगडी तेवढी कधीतरी परत दे. घंटीवाचून तिला झोप लागेल याची मला खात्री नव्हती. बाज कधी उचलली जाते म्हणून मी कान देऊन पडले होते, आणि तशीच झोपी गेले.

सकाळी मला जाग आली ती आवाजानं. दचकून उठले, अनवाणी अंगणाकडं पळाले. अव्वा नळाखाली बसली होती आणि घासलेली ताटं एकावर एक पालथी टाकत होती, खणाखण.